देशी की विलायती? पंप अ‍ॅक्शन घेणाऱ्या मुलीला पत्र

नायगाव, मुंबई

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी दुकानातून बाहेर पडल्यावर तू विचारलंस, "काका, दुकानातली देशी बंदूक घेऊ की त्या गृहस्थांची विलायती?" तेव्हा मी गप्प राहिलो. विकणारे गृहस्थ आपल्याबरोबरच पायऱ्या उतरत होते. स्वतःच्या वडिलांची जपलेली विलायती बंदूक ते विकायला काढताहेत, त्यांच्यासमोर तिच्या उणिवा काढणं माझ्या जिवावर आलं. शिवाय फुटपाथवर उभ्या उभ्या संपणारी ही गोष्ट नव्हे. म्हणून सविस्तर लिहितो.

तू म्हणालीस, "विलायती तिप्पट महाग आहे, म्हणजे काहीतरी असेलच ना तिच्यात." आहे. पण त्या तिपटीत पोलादाचे पैसे किती आणि टंचाईचे किती, ते आधी वेगळं करू. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्याकडे साध्या परवानाधारकाला परदेशी बंदूक मागवता येत नाही. नामांकित नेमबाजांना ती सवलत आहे, तुला-मला नाही. त्यामुळे आज मुंबईत विकायला येणारी विलायती बंदूक बहुतेक वेळा जुनी असते, एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत आलेली. नवीन माल येत नाही आणि मागणारे संपत नाहीत, मग भाव चढणारच.

तिकडे अमेरिकेत पंप अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस बदलायची) ही मुळात सामान्य माणसाची बंदूक आहे. रेमिंग्टन ८७० ही १९५० साली निघाली आणि २००९ पर्यंत तिचे १ कोटी नग झाले. मॉसबर्ग ५०० ही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची, तिनेही पुढे १ कोटीचा आकडा गाठला. चांगली डबल बॅरल ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या घरी ह्या बंदुका गेल्या. तिकडची ही काटकसरीची वस्तू आपल्या बाजारात येऊन उंची झाली आहे. हे एवढं लक्षात ठेवलंस तरी तिच्यासमोर दबून जाणार नाहीस.

एकाच कंपनीची स्वस्त आणि महाग पंप शेजारी शेजारी उघडून ठेवली, तर फरक कुठे दिसतो? मॉसबर्गचीच मॅव्हरिक ८८ ही स्वस्तातली बंदूक आहे. तिचा बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा ठोकळा) नळीत अडकून कुलूप होण्याची रचना ५०० सारखीच. फरक आहे तो सेफ्टीच्या (चाप अडवणाऱ्या कळीच्या) जागेचा, पुढच्या मुठीचा आणि वरवरच्या कामाचा. ५०० ची सेफ्टी वर, अंगठ्याखाली येते. मॅव्हरिकची चापाजवळ आडवी असते. रेमिंग्टनच्या विंगमास्टर आणि एक्स्प्रेस ह्या जोडीतही तेच: एकीला चकचकीत पॉलिश आणि अक्रोडाचं लाकूड, दुसरीला मंद काळा रंग आणि साधं लाकूड. बार उडतो तो भाग दोन्हींत सारखाच. महाग बंदुकीत हाताला लागणारा मऊपणा असतो, आणि तो खरा असतो. पण तो तुझ्या कामाचा किती, ते शनिवारी तूच मला दाखवलंस.

तू विलायती हातात घेतलीस, खांद्याला लावलीस आणि पंप मागे ओढलास. आतलं डमी (बिनदारूचं, सरावाचं) काडतूस बाहेर आलंच नाही. अर्धवट सुटून बाहेर पडायच्या दारातच अडकलं. तुझा चेहरा पडला. दुकानदार म्हणाला, "सवय होईल मॅडम." तुला वाटलं आपल्या हातात जोर नाही. मी त्या वेळी तुझ्या कोपराकडे बघत होतो. डावा हात जवळजवळ सरळ झाला होता, मुठीचं फक्त मागचं टोक तुझ्या पंजात आलं होतं, आणि खांदा सांभाळायला तू पाठ मागे वाकवली होतीस. अशा अवस्थेत कुणीही असता तरी पंप पाऊण अंतरच मागे आला असता.

ह्याला आम्ही शॉर्ट स्ट्रोक म्हणतो. पंप शेवटपर्यंत मागे गेला तरच झालेलं काडतूस ओढलं जाऊन बाहेर फेकलं जातं आणि मॅगझिन ट्यूबमधलं, म्हणजे नळीखालच्या साठ्याच्या नळीतलं, पुढचं काडतूस वर उचललं जातं. बोटभर अंतर राहिलं तरी सगळा क्रम बिघडतो. पंप अ‍ॅक्शन अडकली म्हणून जेवढ्या तक्रारी मी ऐकल्या, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी हेच होतं. बंदूक शाबूत असते, माणूस आणि बंदूक यांचं माप जुळत नसतं.

चापापासून बटाच्या (खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या) टोकापर्यंतचं अंतर बघ. पंप बंदुकांत ते साधारण १४ इंच असतं, उंच पुरुषाच्या बेताचं. तुझी उंची ५ फूट १ इंच. तुला किमान इंचभर कमी हवं, आणि जाड ड्रेसवर नव्हे, तू पेढीवर रोज घालतेस त्या कपड्यांत मोजलेलं हवं. आता त्या विलायतीचं जुनं अक्रोडाचं लाकूड तू कापशील? कापलंस की तिची किंमत तिथेच घसरली. पैसे मोजले आहेत म्हणून तू ते कापणार नाहीस, आणि कापलं नाहीस म्हणून ती तुझ्या हाताला कधी बसणार नाही. देशी बंदुकीचा दस्ता परवानाधारक कारागिराकडून इंचभर कमी करून रबराचा पॅड लावून घेताना तुझा हात थरथरणार नाही. माझ्या मते निकाल इथेच लागतो. बाकीचं त्यामागोमाग येतं.

तरी सुट्या भागांचं सांगतो, कारण ते मी भोगलेलं आहे. पोलिसातली नोकरी ४१० मस्केट आणि ३०३ ह्या सरकारी बंदुकांच्या संगतीत गेली. तिथे भाग हवा तर स्टोअरला कागद द्यायचा. निवृत्तीनंतर ८ वर्षं एका परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात बसलो, तेव्हा खासगी लोकांच्या बंदुका उघडायला मिळाल्या. एकदा एक सुंदर विलायती पंप आली, फायरिंग पिनचं (काडतुसावर आदळून बार उडवणाऱ्या खिळ्याचं) टोक तुटलेलं. मूळ भाग मिळण्याचा मार्ग नाही. मालकाने घाई केली म्हणून एका कारागिराने हातानं घासून पिन बनवली. दिसायला हुबेहूब. पण पोलाद मऊ निघालं. थोडेच बार झाले आणि टोक चेपून पसरलं. मालक चांगला माणूस, काही बोलला नाही, पण बंदूक परत कापडात गुंडाळताना त्याचे हात मी पाहिले आहेत. तुझ्या त्या विलायतीचा एक्स्ट्रॅक्टर (झालेलं काडतूस ओढून काढणारा आकडा) मी बोटानं दाबून पाहिला. त्याची कड गोल झाली आहे. अजून चालेल, पण तो गेला की पुढचा कुठून आणायचा?

देशी बंदूक निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. सरकारी कारखान्यांच्या आहेत, जम्मूकडच्या खासगी कारखानदारांच्या आहेत. नग-नगात फरक पडतो. तू पाहिलीस तिचा पंप घट्ट आहे. काडतूस भरायच्या दाराची कड अंगठ्याला चावते. लाकूड आणि लोखंड जुळतं तिथे पोस्टकार्ड जाईल एवढी फट आहे. फटीने काही बिघडत नाही. कड कानशीनं मोडता येते. पंप तेल देऊन, डमी भरून, रोज संध्याकाळी पन्नास वेळा मागेपुढे केलास तर महिन्याभरात मोकळा होईल, आणि तेवढ्यात तुझ्या हाताला पूर्ण ओढायची सवयही लागेल. पण दुकानदाराला सांग की तीन नग काढ. पहिला समोर येईल तो घ्यायचा नाही.

प्रत्येक नग हातात आला की आधी तोंड जमिनीकडे, बोल्ट मागे, आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) आणि मॅगझिन ट्यूबच्या तोंडात करंगळी घालून दोन्ही रिकामी असल्याची खात्री. डोळ्यांवर विसंबू नकोस. मग दुकानदाराला नळी काढून वेगळी करायला सांग आणि तिच्यातून ट्यूबलाइटकडे बघ. आत उजेडाची वर्तुळं एकात एक दिसली पाहिजेत. एखादं वाकडं दिसलं किंवा मध्येच काळी सावलीची कडी आली, तर तिथे पोचा आहे किंवा नळी फुगली आहे. तो नग बाजूला ठेव. पुढची मूठ काढायला लाव आणि बोल्टला ढकलणाऱ्या पट्ट्या बघ. दोन असाव्यात. जुन्या काही मॉडेलांत एकच असायची, ती तिरपा जोर पडला की अडखळते. डमी भरून वीस वेळा चालव, दहा वेळा हळू आणि दहा वेळा झटक्यात. हळू ओढताना काडतूस दारातच गळून पडलं तर चालेल. झटक्यात मात्र ते लांब उडालंच पाहिजे. शेवटी बंदुकीवरचा नंबर स्वतः वाचून कागदावरच्या नंबराशी ताडून बघ, एकेक आकडा बोट ठेवून.

नळीच्या लांबीबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. २० इंचांपेक्षा आखूड नळीची छर्ऱ्याची बंदूक आपल्या नियमांत प्रतिबंधित वर्गात जाते. अमेरिकेत १८ किंवा साडेअठरा इंची नळी सर्रास चालते, म्हणून इंटरनेटवर तशीच चित्रं दिसतात. तुला कुणी "सुटसुटीत आहे, पेढीवर बरी पडेल" म्हणून तशी दाखवली, तर हात न लावता घरी ये. कुणाची नळी कापून घेण्याचा तर विचारही नको. दस्ता कापणं आणि नळी कापणं ह्यात परवाना आणि तुरुंग एवढा फरक आहे.

आता मुंबईची हवा. इथे बंदूक वापरानं झिजण्याआधी गंजानं जाते, आणि पंप अ‍ॅक्शनचा गंज दिसत नाही तिथे लागतो. नळी तू रोज पुसशील, ती चकाकेल. मॅगझिन ट्यूबमधली स्प्रिंग मात्र कोण बघतं? मृगापासून दसऱ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी ट्यूबची टोपी उघडून ती स्प्रिंग बाहेर काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, तेलाचा नुसता हात फिरवायचा. थबथबलेलं तेल नको, ते धूळ धरतं आणि काडतुसाच्या टोपीपर्यंत झिरपतं. मंद काळ्या रंगाची बंदूक पॉलिशवालीपेक्षा जास्त गंजते, कारण खरखरीत पृष्ठभागात ओल टिकते. देशी घेतलीस तर हे काम तुला जास्त पडेल, ते आधीच सांगून ठेवतो. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत बंदूक कधी ठेवू नकोस. खोळ नेण्याआणण्यापुरती. ठेवायची ती तिजोरीत, कोरडी, ट्यूब रिकामी, काडतुसं वेगळ्या कुलपात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायला सांगू शकतात. जमा करण्याच्या आदल्या रात्री नळीत आतून आणि बोल्टवर ग्रीसचा पातळ थर दे, नेहमीच्या तेलावर भागणार नाही. परत आणल्यावर तो पूर्ण पुसल्याशिवाय एकही काडतूस आत जाऊ देऊ नकोस. ग्रीस राहिलेल्या नळीत बार केला तर नळी फुगू शकते.

तू विचारलं नाहीस, तरी एक सांगतो: वर्षाकाठी दहाच बार उडवणार असशील तर साधी डबल बॅरल मी जास्त पसंत केली असती. तिच्यात ट्यूब नाही, लांब स्प्रिंग नाही, ओढायचं काही नाही. उघडली की भरलेली आहे की रिकामी हे पलीकडच्या माणसालाही दिसतं. पण तू पंपच घ्यायची ठरवली आहेस आणि सराव करायची तयारी आहे म्हणालीस, म्हणून मी आग्रह धरत नाही.

उरलेल्या पैशांचं काय करायचं ते मी सुचवतो. दस्ता आणि पॅड. चांगली तिजोरी, जुनी पत्र्याची नको. बाकी सगळं सरावाला. परवान्यावर लिहिलेल्या संख्येत बसतील तेवढी काडतुसं घे, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची मिळाली तर उत्तम, आणि घेण्याआधी नळीवर कोरलेली चेंबरची लांबी आणि काडतुसाच्या डब्यावरची लांबी एकच आहे ना ते बघ. चेंबर ७० मिमीचं असेल तर ७६ चं काडतूस आत बसेलही, पण बार झाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो.

तुझे वडील आणि मी तीस वर्षं एकाच लोकलनं आलो-गेलो. पेढीच्या काउंटरमागे ते ज्या स्टुलावर बसायचे तिथे तू बसतेस, हे बघून मला भरून येतं, आणि तुझ्या हातात हत्यार येणार म्हणून काळजीही वाटते. ती काळजी मी लपवत नाही.

येत्या शनिवारी चार वाजता ये. डमी मी आणतो, मोजायची टेपही आणतो. तू तुझे रोजचे कपडे घालून ये. त्या गृहस्थांना मी स्वतः फोन करून नाही म्हणून कळवीन, तू अवघडू नकोस.

तुझा,
काका