वनस्पतींमध्ये एक्स-वाय गुणसूत्रं कशी तयार झाली?

बहुतेक फुलझाडांना लिंग गुणसूत्रं (म्हणजे नर की मादी हे ठरवणारी, एक्स-वायसारखी गुणसूत्रं) नसतातच. एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. नर-मादी झाडं वेगळी असलेल्या जाती जेमतेम ५-६ टक्के. त्यांच्यात साध्या गुणसूत्रांच्या जोडीत दोन बदल झाले, असं सहसा मानतात: एकावर परागकण बंद करणारा, दुसऱ्यावर स्त्री-अवयव दाबणारा. दोन्ही एकाच गुणसूत्रावर आले तर झाड वांझ निघेल. म्हणून त्या भागातली तुकड्यांची आपसातली अदलाबदल थांबलेली जोडीच टिकते, आणि तीच पुढे एक्स-वाय होते.

पपई बघाच, फार सुंदर उदाहरण आहे! तिचं वाय अजून तरुण आहे, तरी दोन वाय एकत्र आले की गर्भ जगत नाही. उभयलिंगी पपईतही एक एक्स आणि वायचाच एक प्रकार असतो. त्यामुळे तिच्या स्वपरागणातून उभयलिंगी आणि मादी रोपं २:१ प्रमाणात मिळतात.