परक्या बिळात शिरणारी राणी

परजीवी, म्हणजे दुसऱ्या मुंग्यांच्या बिळावर जगणाऱ्या मुंग्यांचा अभ्यास सुरू करताना आधी वासाकडे लक्ष द्यावे, कारण मुंगी आपले-परके ओळखते ते अंगावरील मेणचट थराच्या वासाने. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मुंगळ्यांच्या रांगेपाशी बसलात, तर समोरासमोर आलेले दोन मुंगळे क्षणभर थांबून एकमेकांना मिशांनी चाचपताना दिसतील. घुसखोर राणी हीच तपासणी चुकवते. पॉलिअर्गस या परजीवी मुंगीची राणी फॉर्मिका नावाच्या मुंग्यांच्या बिळात शिरून तिथल्या राणीला चावून मारते, तिचे अंग चाटून तिचा वास स्वतःवर घेते, आणि मग त्याच कामकरी मुंग्या हिची उठबस करू लागतात. याहून क्रूर रीत (मला तरी ती अधिक क्रूर वाटते) लासिअस ओरिएंटालिस या मुंगीची आहे, जिची जपानमधील निरीक्षणे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली: कामकऱ्यांचा वास लावून आत शिरलेली ही राणी यजमान राणीवर पोटातील द्रव फवारते, लगेच मागे सरते, पुन्हा येऊन फवारते, आणि अखेर त्या वासाने बिथरलेल्या कामकरी, म्हणजे तिच्या लेकीच, आपल्या आईला ठार करतात. या जाती पुण्यात शोधत बसू नका. इथे मुंगळ्यांची ओळखपरेडच नीट पाहावी. मात्र प्रयोग म्हणून एका बिळातला मुंगळा दुसऱ्या बिळाच्या तोंडाशी सोडू नये. तो सहसा धड परतत नाही.