ओढ्यातून गाडी काढली आणि चाक घुमायला लागलं
प्रश्न: जुनी फोर बाय फोर जीप आहे, पावसाळ्यात ओढ्यातून काढली तेव्हापासून 60 च्या वर गेलं की पुढून घूंऽऽ आवाज येतो, मेकॅनिक म्हणतो टायरचा आहे. बेअरिंग गेलं असेल का?

उत्तर: ओढा म्हणालात तिथंच शंका आली! जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवा, खेळ (ढिलेपणा) लागला तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा, खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बघा. बेअरिंग उघडल्यावर ग्रीस दुधाळ चहासारखं दिसलं म्हणजे पाणी शिरलंय. रोलर निळे पडले असतील तर कप-कोन (बेअरिंगची बाहेरची आणि आतली रिंग) जोडीनंच बदला, पाणी अडवणारं सील पण नवीनच (तिथं पैसे वाचवू नका राव). बेअरिंगचा नट चाक फिरवत आवळायचा, मग जरासा सैल करायचा. 10-15 किलोमीटर फिरवून हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावा, चटका बसला तर नट जास्त आवळला असणार.