एअर ट्रॅफिक कंट्रोलरला (जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्याला) वाहतुकीतल्या इतरांच्या मानाने योग्य पगार मिळतो का?

मी भुसावळचा, घरात रेल्वेची नोकरी, म्हणून तुलना रेल्वेशीच करतो.

भारतात कंट्रोलर विमानतळ प्राधिकरणात ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणून लागतो. मूळ वेतन ४०,००० पासून. वर महागाई भत्ता, घरभाडं आणि मूळ वेतनाच्या ३५ टक्के इतर भत्ते. जाहिरातीत वर्षाला सुमारे १३ लाख धरतात. स्टेशन मास्तर सातव्या वेतन आयोगात ३५,४०० वर लागतो, असिस्टंट लोको पायलट (इंजिन ड्रायव्हरचा सहायक) १९,९०० वर. त्याला धावलेल्या किलोमीटरचा भत्ता मिळतो, तरी सुरुवातीला पगारातला फरक मोठाच राहतो.

माझ्या मते कंट्रोलरचा पगार रास्त आहे. फिजिक्स-गणिताची पदवी किंवा इंजिनिअरिंग, मेडिकल, इंग्रजीची चाचणी, मग महिनोन्‌महिने प्रशिक्षण (आपल्या गोंदियातही होतं) आणि प्रत्येक युनिटचं वेगळं रेटिंग, म्हणजे तिथे काम करण्याची पात्रता. शिवाय सिग्नल लाल केला की गाडी थांबते, विमान हवेत थांबत नाही.

खटकतं ते दुसरंच. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास असताना इंजिनाच्या कॅबमध्ये बसणारा पोरगा निम्म्या मूळ वेतनावर का? रात्रपाळी दोघांनाही, जीव दोघांच्याही हातात. एसटीच्या ड्रायव्हरचं तर विचारूच नका, भाऊ.

कंट्रोलर स्वतःची तुलना मात्र विमानाच्या पायलटशी करतात. तिथे ते मागेच आहेत, कारण कॅप्टनला महिन्यालाच काही लाख मिळतात. पण नोकरी सरकारी, हेही धरा.