एआयसोबत सराव करून कॉलेजच्या मुलांचं बोलणं, वाटाघाटी खरंच सुधारतात का?

सुधारतात, पण नुसतं ‘माझी मुलाखत घे’ म्हणालात तर तो प्रत्येक उत्तराला ‘छान!’ म्हणत बसेल. भूमिका नीट द्या: ‘तू शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीकडून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) घेणारा ग्राहक आहेस. माल उशिरा आलाय, तू चिडलायस. मी कितीही समजावलं तरी लगेच मानू नकोस.’ टाइप करू नका, व्हॉइसवर बोला. कुठं अडखळता ते तिथंच कळतं. शेवटी विचारा, ‘मी कारणं कुठं देत बसलो? माझीच वाक्यं दाखव.’

आपल्या कोल्हापूरच्या पोरांचं इंग्रजीपेक्षा समोरच्याला मध्येच तोडण्यानं जास्त बिघडतं, असं माझं मत. हातवारे, नजर मात्र व्हॉइसवर कुणाला दिसणार? त्यासाठी एखादा मित्र पकडा, तोही टोमणे मारणारा.