सहा तारांचा बास हप्त्यांवर घ्यावा का?

सांगलीचे एक वाचक विचारतात: पगार ३४ हजार, घरखर्च २२ हजार, बँकेत ६० हजार. शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. सहा तारांचा ४५ हजारांचा बास ९ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर घेऊ का? त्यासाठी ३ हजारांची एसआयपी थांबवायचा विचार आहे. रोख दिले तर दुकानदार ३ हजार सोडतो.

हप्त्यांवर घेऊ नका, आणि सहा तारांचा तर आत्ता नकोच.

आधी हप्त्याचा हिशोब. दरमहा ५ हजार. कार्डावरचा दर वार्षिक १५ टक्के धरला तर व्याज साधारण २,६९० रुपये होतं. ते सवलत म्हणून परत मिळतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४८४ रुपये, तुमच्याच खिशातून जातो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह आणखी २३५. त्यात रोखीचे ३ हजार हुकले, म्हणजे फुकट म्हणवणारे हप्ते ३,७०० रुपयांना पडले. शिवाय कार्यक्रमांचे पैसे गणपती, नवरात्र, जत्रा अशा हंगामात येतात. हप्ता मात्र आषाढातही येतो. एक हप्ता चुकला की दंड आणि कार्डाचं चढं व्याज मागे लागतं.

आता गरज बघा. चार तारांच्या बासवर सर्वांत खालचा सूर पांढरी तीन, म्हणजे ई. गायक काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गात असला की खर्जातला सा मिळत नाही, वरचा घ्यावा लागतो. ही उणीव पाच तारांच्या बासवरची खालची बी तार भरून काढते. सहावी, वरची सी तार कॉर्ड आणि सोलोसाठी. ऑर्केस्ट्रात तिचं काम फार थोडं.

म्हणून आधी आहे त्याच बासच्या चार तारा ई-ए-डी-जी ऐवजी बी-ई-ए-डी या सुरांत लावून बघा. ४५ ते १३० गेजचा (गेज म्हणजे तारेची जाडी) पाच तारांचा संच घ्या आणि ४५ ची तार बाजूला ठेवा. तारा आणि कारागिराची मजुरी मिळून साडेचार हजार धरा. १३० ची तार जुन्या ई च्या खाचेत बसत नाही, नटची (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) खाच रुंद करावी लागते. ती रुंदच करायची, खोल नाही. खोल गेली की मोकळी तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खरखरते आणि नवा नट घालावा लागतो. तार आधी खुंटीपाशी काटकोनात वाकवा, मगच कापा, नाहीतर वरचं वेटोळं आतल्या तारेवर सैल होतं. एकूण ताण थोडा कमी होतो, त्यामुळे मान मागे जाऊन पहिल्या फ्रेटांवर खरखर आली तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा सैल करावा. बी चं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे सरकवून बाराव्या फ्रेटवर सूर जुळवा.

आणि हो, मोकळी बी सुमारे ३१ हर्ट्झची असते. घरच्या आठ इंची स्पीकरवर ती नीट उमटत नाही. निवाडा कार्यक्रमातल्या साउंडवरच करा.

तीन महिने असं वाजवा. एसआयपी चालूच ठेवा आणि कार्यक्रमांचे पैसे वेगळ्या खात्यात साठवा. बँकेतले ६० हजार तीन महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाहीत, त्यांना हात लावू नका. २०-२२ हजार जमले की वापरलेला पाच तारांचा बास शोधा: यामाहा टीआरबीएक्स३०५ किंवा आयबानेझ जीएसआर२०५. घेताना ब्रिजकडून मानेवर नजर टाका, पीळ असेल तर सोडून द्या. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का, हे विक्रेत्यासमोरच बघा. बी तार पहिल्या पाच फ्रेटांवर एकेक सूर धरून वाजवा. पोकळ वाजली तर आधी नवी तार लावून ऐकवायला सांगा, पैसे नंतर.