झरा होळीलाच आटतो, रोपं कोणती लावू?

प्रश्न : पाड्याला पाणी देणारा झरा दिवाळीनंतर बारीक होतो, होळीला आटतो. वरचा डोंगर बोडका आहे. ग्रामसभेने दोन हजार रोपं लावायचं ठरवलंय. कोणती आणावीत? — एक वाचक, धडगाव तालुका

उत्तर : रोपं सांगायच्या आधी एकदा डोंगर चालून या. बोडक्या उतारावरही साग, धावडा, तिवसाचे खुंट बहुधा जिवंत असतात. दरवर्षी फुटतात आणि शेळ्या खातात. हिवाळ्यात प्रत्येक खुंटावर सरळ वाढलेले दोन फुटवे ठेवा, बाकीचे कोयत्याने तिरपे छाटा. जुन्या मुळांच्या जोरावर ते विकतच्या रोपाला सहज मागे टाकतात.

सगळा डोंगर एकदम बंद करू नका, गुरं जाणार कुठे? तिसरा हिस्सा राखा, तिथलं गवत कापून नेऊ द्या. शेजारच्या गावांशी आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलाऱ्यांशी आधीच बोला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीवरच जंगल उभं केलं. त्या कामासाठी तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. जमीन वनखात्याची असेल तर सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायच्या-राखायच्या हक्काचा दावा (कायदा २००६ चा) आधी पाहा. तो मिळाला नसेल तर खात्याला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

खरा घात आगीचा. मोहाची फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला पेटवतात आणि वणवा वर चढतो. पाणी मुरवणारा थर या पाल्याचाच, तो जळाला की पाऊस नुसता वाहून जातो. झाडाखाली झाडून जुन्या साड्या अंथरा. माघ संपायच्या आत हद्दीवर तीन मीटर रुंद जाळपट्टा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढा.

पाणी मुरवायला उतारावर आडवे चर खणा. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल पुरे, पण समतल रेषा ए-फ्रेमनेच (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) आखा. नजरेने आखलेल्या चराचं पाणी एका टोकाला धावतं आणि तिथेच तो फुटतो. जिवंत खुंट आला तर चर तिथे तोडा.

मोकळ्या जागीच पेरणी करा. मोहाच्या टोळंब्या (बिया) पडल्यावर आठवड्याभरात, अंजनाचं बी पहिल्या पावसात, थेट जमिनीत. पिशवीत अंजनाचं सोटमूळ गुंडाळतं. निलगिरी, सुबाभूळ नकोच.

आणि झरा मोजा. दर आठवड्याला सकाळी १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. दोन-तीन उन्हाळे फरक दिसणार नाही. बादली मात्र बदलू नका.